ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

दादा आणि चिमणे,

तुम्हाला हे लिहायचे बरेच दिवस मनात होते. पण मी शिस्तीची बाई, म्हणून आधी चांगला कागद आणला, मग पेन आणले, मग टेबल आवरले. टेबल आवरल्यावर ते इतके छान दिसू लागले की त्यावर पसारा मांडवेना. गेल्या रविवारच्या व्हिडिओ फोनने मात्र माझा नाइलाज केला.

मी सहज म्हणाले, "आपण तो हेरपट काढला तेव्हा तुमचे बाबा घरी नव्हते." चिमणे, तू लगेच म्हणालीस, "होता! बाबा घरीच होता." मी म्हटले नव्हते. तू म्हणालीस होता. दादा, तू मान हलवलीस, पण कोणाच्या बाजूने ते कळायच्या आत नेटवर्क गेले.

चिमणे, तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. त्या वयात काय लक्षात ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण बाबा तेव्हा घरी नव्हते, आणि तू त्यांच्याशी बोलत नव्हतीस. एक शब्दसुद्धा नाही. पुन्हा कधी बोलशील की नाही याची तुझ्या आईला, बाबांना आणि मला रोज काळजी होती. शेवटी तू बोललीस ती एका अत्यंत भिकार सिनेमामुळे, ज्यात खलनायिका मी होते. माझ्या हातून घडलेली कामगिरी म्हणावी अशी ही एकच, आणि तीही ठरवून झाली नाही. ती निदान नीट नोंदवलेली असावी, म्हणून आत्ता लिहिते.

एक खुलासा. तुम्हा दोघांना मराठी समजते आणि तुम्ही उत्तर आयरिश सुरातल्या इंग्रजीत देता. इथे तुमची बहुतेक वाक्ये मी मराठीत डब केली आहेत. ओठ जुळणार नाहीत, सांभाळून घ्या.

मी आयर्लंडला, तुमच्या स्लायगोला आले ती २०२०च्या फेब्रुवारीत, काही महिन्यांसाठी. बरोबर भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि तुम्हाला शुद्ध मराठी शिकवण्याचा संकल्प होता. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी उपयोगी पडल्या. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, विमाने बंद झाली, आणि सरकारने सत्तरीपुढच्या माणसांना घरातच राहायला सांगितले. त्याला तिथे 'ककूनिंग' म्हणत, म्हणजे कोशात बसणे. सुरवंट कोशात बसून फुलपाखरू होतो. मी कोशात बसून वेळापत्रक तयार केले.

ते फ्रिजवर चिकटवले होते, आठवते का? सकाळी मराठी वाचन, मग गणित, मग शुद्धलेखन, मग 'मोकळा वेळ (शांतपणे)'. दादाने ते वाचून विचारले, "आजी, हे तुरुंगातलं आहे का?" आणि चिमणीने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घोडा काढला. त्या आठवड्यानंतर फ्रिजवर घोडाच लावलेला असे.

तुमचे बाबा अतिदक्षता विभागात काम करत. सत्तरी उलटलेली सासू घरात, म्हणून त्यांनी एका सहकाऱ्याचे समुद्राकाठचे सुट्टीतले घर मागून घेतले आणि तिकडे राहायला गेले. म्हणजे ते घराबाहेर होते ते काही अंशी माझ्यामुळेच. हे मला कोणी बोलून दाखवले नाही. तुमची आई वरच्या छोट्या खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर कंपनीच्या मीटिंगांत असे. उरलेले घर माझ्या ताब्यात होते, असे मी समजत होते.

रविवारी बाबा फाटकापाशी येत. मी पुढच्या बुटक्या भिंतीवर डबा ठेवून मागे यायची, मग ते पुढे होऊन डबा घ्यायचे. अशाच पहिल्या की दुसऱ्या रविवारी, चिमणे, तू माझ्या हाताखालून निसटलीस आणि "बाबा!" म्हणून फाटकाकडे पळालीस. बाबांनी दोन्ही तळहात पुढे केले आणि ते मागे सरले. पटापट, पार रस्त्यापर्यंत. "थांब! नको, नको, थांब!" असे म्हणत.

तू थांबलीस. रडली नाहीस. वळून घरात आलीस आणि जिन्याखाली बूट ठेवतात तिथे जाऊन बसलीस. पुष्कळ वेळाने माझ्याशी एकच वाक्य बोललीस. "तो मागे गेला."

त्यानंतर संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ फोन आला की तू खोलीतून निघून जायचीस. आईने समजावले, विषाणूचे चित्र काढून दाखवले. मी समजावले.

"काय म्हणाली?" तुझ्या आईने मला विचारले.

"मी तिला समजावलं की बाबांना तुझी काळजी आहे म्हणून ते मागे सरले."

"मग?"

"मग तिनं मला समजावलं की ज्यांना काळजी असते ती माणसं पुढे येतात."

तुझी आई हसली नाही. रोज फोनवर बाबा विचारायचे, "धाकटी कुठंय?" आणि आम्ही काहीतरी सांगायचो. एकदा मी म्हणाले, "झोपली हो, दमली होती."

"आई, साडेसहा वाजलेत," ते म्हणाले. "आणि ती मागून शीळ वाजवतेय."

अशा त्या दिवसांत हेरपट घरात शिरले. त्याचे श्रेय दादाला. टॅबलेटवर काहीतरी शोधताना त्याला फुकट दाखवल्या जाणाऱ्या जुन्या सिनेमांचे एक भांडार सापडले. पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक माणूस हेलिकॉप्टरला लोंबकळत होता आणि हेलिकॉप्टरची दोरी स्पष्ट दिसत होती.

"अगंबाई!" मी म्हणाले. "हे तर आम्ही कोल्हापूरला बघायचो!"

ही बढाई मारली नसती तर पुढचे काही झाले नसते.

त्याचे असे की, मी कॉलेजात होते त्या सुमारास लंडनच्या एका देखण्या हेराचे सिनेमे जगभर धो धो चालत होते. ते पाहून इटली, स्पेन, जर्मनी इथल्या निर्मात्यांना वाटले, एवढेच ना? एक सूट, एक पिस्तूल, एक उघडी मोटार आणि दोन बायका. मग त्यांनी भराभरा तसलेच सिनेमे काढले. अडचण एकच, पैसा नव्हता. हेराला नंबर असायचा, पण खऱ्याचा नाही, त्याच्या शेजारपाजारचा. बेट उडवायचे झाले तर बेटाचे चित्र उडवायचे. पाणबुडी न्हाणीघरातली. राजवाडा, तुरुंग आणि प्रयोगशाळा मिळून खोली एकच, फक्त पडदे बदललेले.

रविवारी सकाळच्या खेळाला हे सगळे 'इंग्रजी चित्रपट' म्हणून लागत. वसतिगृहाच्या रेक्टर बाईंना आम्ही सांगत असू की उच्चार सुधारायला जातो. मी इंग्रजीत पहिली येत असल्यामुळे त्यांना ते पटायचे. खरी गंमत अशी की मी खरोखरच उच्चार सुधारायला जात होते. मैत्रिणी हिरोकडे बघत, मी त्याच्या व्यंजनांकडे. वसतिगृहात आल्यावर आरशासमोर उभी राहून मी ती वाक्ये म्हणायची. पुढे शाळेत तीस-एक वर्षे मुलींना इंग्रजी शिकवले ते याच भांडवलावर.

तर आपण तिघे सोफ्यावर बसून बघू लागलो. दादाची मजा अशी की मेलेली माणसे मोजायची.

"आजी, युअर मॅन मघाशीच मेला होता! जिन्यावर!" (युअर मॅन म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो माणूस'.)

"तो त्याचा भाऊ असेल."

"मग आत्ता मेला तो?"

"मोठं कुटुंब असेल," मी म्हणाले.

थोड्या वेळाने दादा एकदम उठून बसला. "आजी! हा तुझ्यासारखा बोलतो! अगदी सेम!"

मला जो आनंद झाला तो काय सांगू. अर्ध्या शतकाची तपश्चर्या फळाला आली होती. मग कॅमेरा फिरला आणि बोलणारा दिसला. तो टकला होता, मांडीवर घार घेऊन बसला होता आणि दक्षिण युरोपच्या पाण्यात विष कालवायच्या विचारात होता.

त्यात, चिमणे, तू विचारलेस, "याचं तोंड चुकतंय का?"

तोपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते, म्हणजे कोल्हापुरातही आले नव्हते, की या सिनेमांत कोणाचेच ओठ शब्दांशी जुळत नाहीत. दादाने वाचून माहिती काढली. चित्रीकरणाच्या वेळी इटालियन नट इटालियन बोलायचा, स्पॅनिश नटी स्पॅनिश, जर्मन माणूस जर्मन. कोणाला कोणाचे कळत नसे, फक्त समोरच्याचे ओठ थांबले की आपण बोलायचे. नंतर एका बंद खोलीत भलतीच माणसे बसून इंग्रजी आवाज भरत. म्हणजे ज्या खानदानी इंग्रजीवर मी पोसले, जिच्या जोरावर मी शाळेत इतर शिक्षिकांचे उच्चार दुरुस्त करत असे, ती कुठल्या इंग्रज सरदाराची नव्हतीच. रोममधल्या एखाद्या कोंदट खोलीत रोजंदारीवर बोलणाऱ्या माणसाची होती. त्या दिवशी मी जरा लवकर चहा घेतला.

पण तुझे प्रश्न संपले नव्हते.

"म्हणजे जो बोलतोय तो तिथं नव्हताच?"

"नव्हता."

"पण तो पिक्चरमध्ये आहे."

"आहे."

"कुठं?"

"आवाजात," मी म्हणाले. तू सोफ्यावरून उलटी लोंबकळून बघत राहिलीस.

आपला सिनेमा काढायचा ही कल्पना दादाची. दिग्दर्शक तो, हेर तो, कॅमेराही तोच, टॅबलेट खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून. खलनायक कोणी व्हायचे यावर चर्चाच झाली नाही. चिमणी हेराची मदतनीस, पण तिने अट घातली की ती बोलणार नाही. लेखन माझ्याकडे आले, कारण माझे इंग्रजी चांगले. माझ्या पहिल्याच संवादात दोन अर्धविराम होते. दादाने तो वाचला आणि विचारले, "आजी, हे बोलेपर्यंत मी पळून जाऊ शकतो, हो ना?"

जगाचा नाश करणारे यंत्र वरच्या हॉट प्रेसमध्ये होते. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते ते हॉट प्रेस. तुमच्या टाकीला जाडजूड लाल जाकीट घातलेले, भोवती नळ्या, वर वाळत टाकलेले टॉवेल. टॉवेल काढले की अगदी बाँब. फक्त तुमच्या आईला मधेच मोज्यांची गरज पडली की चित्रीकरण थांबायचे. "एक मिनिट हं," म्हणून ती जगाच्या नाशातून मोजे काढून न्यायची.

मी काळा चष्मा लावला आणि शाल उलटी पांघरली. घार मिळाली नाही, म्हणून मांडीवर चहाचा थर्मास घेतला. संवाद लांब असल्यामुळे ते पाठ होईनात. मग ठरले की चित्रीकरणात कोणी काहीही बोलावे, आवाज नंतर भरू, परंपरा तीच आहे. दादा शाळेत शिकलेले आयरिश आकडे म्हणायचा. मी जगाला धमकी देताना एकोणतीसचा पाढा म्हटला. तो मला पाठ आहे, आणि म्हणताना चेहरा आपोआप क्रूर होतो.

माझा मृत्यू मागच्या बागेत होता. कचऱ्याच्या डब्याला धडकून गवतावर कोसळायचे. पहिल्यांदा मी कोसळताना साडी सावरली. दादा म्हणाला, मरताना साडी सावरत नाहीत. दुसऱ्यांदा चष्मा सावरला. तिसऱ्यांदा मी मनापासून कोसळले आणि उठता येईना. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या म्हाताऱ्या बाई डोकावल्या.

"तुम्ही ठीक आहात ना?"

"मरतेय," मी पडल्या पडल्या म्हणाले. "हे तिसऱ्यांदा."

"ग्रँड," त्या म्हणाल्या. "होऊ द्या सावकाश." आणि कपडे वाळत घालू लागल्या.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले.

अशा प्रत्येक सिनेमात कुठेतरी विष असते. धूर, पावडर, किरण, काहीतरी हेराच्या अंगावर उडते आणि बायकोने, म्हणजे त्या वेळी जी कोण असेल तिने, जवळ येऊ नये म्हणून तो तिला अडवतो. मी तो प्रसंग आपल्या सिनेमात जसाच्या तसा उचलला. तुमच्या आईला पुढे वाटले की मी शाळेतल्या अनुभवाच्या जोरावर फार खोल विचार करून तो घातला. मी काही दिवस तिला तसे वाटू दिले. खरे सांगते, मला काहीही सुचले नव्हते. मी कॉपी करत होते.

मागच्या बागेत माझ्या थर्मासमधून विषारी धूर निघतो (मसाल्याचा चहा होता), तो हेराच्या अंगावर जातो, मदतनीस त्याच्याकडे पळत येते, आणि हेर दोन्ही हात पुढे करून मागे सरतो.

दादा मागे सरला आणि, चिमणे, तू जिथल्या तिथे उभी राहिलीस. तुझा चेहरा पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतका उशिरा पडलेला प्रकाश माझ्या कुठल्याही विद्यार्थिनीत मी खपवून घेतला नसता. दादाच्याही लक्षात आले. त्याने हात खाली घेतले.

"आपण हा सीन नको करूया," तो म्हणाला.

"करायचा," तू म्हणालीस. "पण तो का मागे जातो ते त्यानं सांगायला पाहिजे. मोठ्यानं. नुसतं थांब थांब नाही."

मी तिथेच वाक्य लिहिले. माझ्या अंगावर विष आहे, जवळ आलीस तर तुलाही लागेल. इंग्रजीत, एकही अर्धविराम न घालता.

बागेतल्या चित्रीकरणात नुसता वारा ऐकू येत होता, तो स्लायगोचा वारा, तारेवरचे कपडे आडवे करणारा. म्हणजे आवाज भरणे आलेच. दादाचा आवाज फार बारीक. हेराचा आवाज घशाच्या तळातून यायला हवा. दादाने माझ्याकडे पाहिले. मी फोन उचलला.

"अहो, एक काम होतं."

"बोला ना आई. बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं आहे. तुम्हाला हिरोला आवाज द्यायचाय."

"कोणाला?"

"हिरोला. हेर आहे तो."

"आई, मी आत्ता ड्यूटीवरून येतोय."

"म्हणूनच. जग वाचवून दमलेला आवाज हवाय."

"हिरो कोण आहे?"

"तुमचे चिरंजीव."

"आणि व्हिलन?"

"तिच्याशीच तर बोलताय."

"मग जमेल," तुमचे बाबा म्हणाले. "व्हिलनशी आदरानं बोलायची सवय आहे मला."

मी लिहून पाठवलेली वाक्ये त्यांनी एकेक वाचून व्हॉइस मेसेजने पाठवली. दादा आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ती टॅबलेटसमोर वाजवत होतो. चिमणे, तू टेबलाखाली होतीस, काही ऐकत नसल्यासारखी. बाबा वाचत होते ते औषधाचे प्रमाण सांगितल्यासारखे. "यंत्रापासून दूर हो." "तू वाचणार नाहीस." सगळे एका सुरात. विषाचे वाक्यही तसेच आले, सपाट.

"चुकलं," टेबलाखालून आवाज आला.

दादाने आणि मी एकमेकांकडे पाहिले.

तू बाहेर आलीस, माझ्या हातातून फोन घेतलास, बटण दाबून धरलेस. आणि इतक्या दिवसांनी बाबांशी बोललीस. काय बोललीस ते मी डब न करता सांगते, कारण तू ते मराठीतच बोललीस. त्या घरात तू स्वतःहून मराठी बोललेली ही पहिलीच वेळ होती की काय, मला सांगता येणार नाही.

"बाबा, चुकलं. तू वाचतोयस. वाचू नको. तुला मागे जायचं नाहीये, पण जावं लागतंय. तसं बोल. पुन्हा."

फोन टेबलावर ठेवलास आणि हाताची घडी घालून वाट पाहत उभी राहिलीस. मग मेसेज आला. वाक्य तेच, पण मध्ये घसा खाकरलेला.

"खोकला," तू परत बटण दाबून म्हणालीस. "पुन्हा."

पुढचा आला. "आता फार हळू. पुन्हा." त्याच्या पुढचा आला. "बाबा, ती पळत येतेय, तुला घाई आहे! पुन्हा!"

जिन्यावर पाऊल वाजले. तुमची आई हेडफोन गळ्यात अडकवून अर्ध्या जिन्यात उभी होती. त्या हेडफोनमधून तिच्या मीटिंगमधले कोणीतरी तिचे नाव घेऊन विचारत होते की तुम्ही आहात का. ती खाली आली नाही, वरही गेली नाही.

शेवटचा मेसेज यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्यात बाबा इंग्रजी बोललेच नाहीत. माझे वाक्य त्यांनी बाजूला ठेवले होते. "पिल्लू, थांब," ते म्हणाले, "माझ्या अंगावर विष असेल गं. तुला नको लागायला. मला पण नाही आवडत मागे जायला." मग एक श्वास, आणि मेसेज संपला.

दादा दिग्दर्शक होता, तेव्हा त्याने दिग्दर्शकाचे काम केले. "हे ओठांना जुळत नाही," तो म्हणाला. "मी तिथं आयरिशमध्ये चार, पाच, सहा म्हणतोय. आणि हे खूप लांब आहे. आणि मराठी आहे."

"हेच घ्यायचं," तू म्हणालीस.

"पण बाकी सगळा पिक्चर इंग्रजीत—"

"हेच."

आणि तेच घेतले. माझ्या आयुष्यातला एकमेव पडद्यावर आलेला सिनेमा, त्यातले सगळ्यांत चांगले वाक्य मी लिहिलेले नाही. बाकीची जी मी लिहिली ती आठवत नाहीत, आणि ते बरे आहे.

पहिला खेळ फाटकापाशी झाला. फाइल इतकी मोठी होती की ती फोनवरून जाईना, म्हणून बाबांनी रविवारी येऊन बघावी असे ठरले. त्यांनी गाडीतून घडीची खुर्ची आणली आणि रस्त्याच्या कडेला बसले. शेजारच्या बाई आपल्या दारात खुर्ची घेऊन बसल्या. टॅबलेट भिंतीवर ठेवायला, चिमणे, तू गेलीस. तो नीट टेकवलास, बाबांकडे पाहिलेस, दोन्ही तळहात पुढे केलेस आणि मागे मागे चालत दारापर्यंत आलीस, त्यांना पुढे येऊन बघता यावे म्हणून. बाबा पुढे आले. पहिला अर्धा सिनेमा त्यांना दिसला असेल असे मला वाटत नाही. ते चष्माच पुसत होते.

माझ्या मरणाला शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. जावईबापू म्हणाले, "आई, फार नैसर्गिक." त्यातला नेमका अर्थ मी अजून विचारलेला नाही.

उन्हाळ्यात बाबा घरी राहायला आले. विमाने नीट सुरू होईपर्यंत मी तिथेच राहिले, आणि २०२१च्या शरद ऋतूत पुण्याला परतले. त्याआधीच्या हिवाळ्यात तो टॅबलेट एका सकाळी सुरूच झाला नाही. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने सांगितले की आतले काही निघणार नाही. दादा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तू म्हणालीस, दुसरा काढू. पण तोवर शाळा सुरू होत्या, आणि खलनायिकेचा गुडघा दुखत होता.

चिमणे, तुला बाबा घरीच होते असे का वाटते ते मला आता समजते. तुझ्या आठवणीतल्या त्या बागेत त्यांचा आवाज आहे, आणि आवाज तिथे होता हे खरेच आहे. माणूस समुद्राकाठच्या घरात आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून रजई घेऊन फोनमध्ये बोलत होता, हेही खरे आहे. दोन्ही लक्षात ठेव.

चित्र काही उरलेले नाही. मी, दादा, थर्मास, हॉट प्रेस, सगळे गेले. ते व्हॉइस मेसेज मात्र माझ्या फोनवरून गेले-आले होते, म्हणून ते माझ्याकडे आहेत. बाबांचे सगळे, खाकरलेले, हळू बोललेले, आणि तो शेवटचा. आणि त्यांच्या मध्ये मध्ये तुझे, "पुन्हा" म्हणणारे.